लोरेटाचं भांडं

"शेजारणीचं भांडं रिकामं परत करू नये," असं कुमुदमावशी नेहमी म्हणायच्या. डेट्रॉइटला नर्स म्हणून आल्यावर ज्या गल्लीत त्यांनी संसार मांडला, ती गल्ली पुढे हायवेसाठी पाडली. माणसं पांगली. शेजारच्या लोरेटाचं केकचं काचेचं भांडं मावशींकडेच राहिलं. ते परत केल्याशिवाय त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. पण पत्ता लागला तोवर लोरेटा गेली होती.

आज तिची मुलगी डेनिस हायवेच्या कुंपणाशी भेटायला आली. लोरेटाच्या अंगणातलं तुतीचं झाड तेवढं तिथे उरलं होतं. मावशींनी शंकरपाळ्यांनी भरलेलं भांडं पुढे केलं.

"तुझ्या आईचं आहे बाळा. फार उशीर केला मी."

डेनिसने शंकरपाळे रुमालात ओतून घेतले, झाडाची पिकली तुती तोडून भांडं भरलं आणि मावशींच्याच हाती दिलं.

"अगं, हे तुमच्या घरचं!"

"तुमच्या दारातून आलं ना, मावशी? रिकामं पाठवलं तर आई वरून ओरडेल."

भांडं छातीशी धरून मावशी बसस्टॉपकडे सावकाश चालत गेल्या. त्या दिसेनाशा होईपर्यंत डेनिस तुतीखाली उभी राहून बघत होती.