एक पातेलं, तीन शेगड्या

गोष्टी उकळणे हा माझा व्यवसाय आहे. रोज सकाळी कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडवरच्या केमिकल प्लांटवर जायचं, गेटवर पास दाखवायचा आणि दिवसभर टाक्यांच्या टाक्या तापवत बसायचं. त्यामुळे सिंगापूरमधल्या बिशानच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये एक पातेलं उकळायला मला अडचण येईल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

पातेल्यात बिअर होती. म्हणजे, व्हायची होती. मोड आणून भाजलेले सातूचे, म्हणजे बार्लीचे, दाणे कोमट पाण्यात भिजवायचे, गाळायचे, ते गोड पाणी तासभर खळखळून उकळायचं, त्यात हॉप्स नावाची कडू फुलं टाकायची, गार झालं की यीस्ट घालून बादलीत मुरत ठेवायचं. एवढंच! (असं व्हिडिओत म्हणतात. व्हिडिओतल्या माणसाला अंगण होतं आणि अंगणात भट्टी होती.)

हा खटाटोप बाबांसाठी चालला होता. बाबा पहिल्यांदाच सिंगापूरला यायचे होते. माझ्याबद्दल त्यांचं लहानपणापासून एकच मत आहे, "निखिल हात सगळ्यात घालतो, पुरं एक करत नाही." रिटायर झाल्यावर त्यांना संध्याकाळी थंडगार बिअरची गोडी लागली होती. म्हटलं, माझ्या हातची, पहिल्यापासून शेवटपर्यंत मी केलेली बिअर त्यांच्यापुढे ठेवायची. खरं सांगतो, मला त्यांच्या तोंडून एकदा 'वा!' ऐकायचं होतं. चाळिशीच्या माणसाने असलं काही कबूल करू नये, पण ऐकायचं होतं! आणि बिअर मुरायला लागतात तेवढेच दिवस हातात होते. हा रविवार हुकला असता तर संपलंच.

घरमालकाने स्वयंपाकघरात काळ्या काचेची, विजेवरची, दिसायला फार देखणी शेगडी बसवली होती. तिच्यावर मी लिटल इंडियातून आणलेलं, अर्ध्या लग्नाचा भात शिजेल असलं पातेलं ते गाळलेलं गोड पाणी भरून चढवलं. तासभराने पाणी वाफाळलं. दोन तासांनी आणखी वाफाळलं. उकळायचं नाव नाही! मधूनच शेगडी 'टिक' करायची आणि स्वतःच बंद पडायची. एवढं मोठं धूड डोक्यावर घेऊन तीच तापत होती, पाणी नाही.

"चहा ठेवू का रे तोवर?" बायकोने, मुग्धाने, विचारलं.

"कशावर?"

"तेच म्हणते मी."

मग मी इंजिनिअरिंग काढलं. बाजूने उष्णता जातेय, म्हणून पातेल्याला मुग्धाची योगा मॅट गुंडाळली. पाणी तापलं नाही, मॅट मात्र वितळून पातेल्याला चिकटली. मग आठवला पुण्याहून आणलेला, पाणी तापवायचा रॉड. अॅडॉप्टर लावला, रॉड पातेल्यात सोडला आणि बटण दाबलं.

फट्!

पंखा बंद, फ्रिज बंद, सगळं घर गप्प. आणि बाथरूममधून, जिथे अंघोळीचा गरम पाण्याचा गीझरही बंद झाला होता, मुग्धाची हाक आली. हाकेत माझं नाव होतं, पण प्रेम नव्हतं.

"निखिल! डोक्याला शांपू आहे माझ्या!"

मेन स्विच वर केला, रॉडला रामराम ठोकला आणि मुग्धा केस पुसत समोर येऊन उभी राहिली तेव्हाच मला सुचलं. प्लांटवर एक बॉयलर पुरत नसला तर आम्ही भार वाटून देतो! एक भाग आमच्या शेगडीवर, एक शेजारच्या लिम आंटींकडे, एक खालच्या मजल्यावर गोरे वहिनींकडे. दोघींकडे गॅस! लिम आंटींच्या कढईखाली तर असा जाळ असतो की भिंतीला घाम फुटावा.

"नीट समजावून सांग हं," मुग्धा म्हणाली. "आपल्याकडून पातेलं गेलं की त्यांना वाटतं फराळच आला."

"समजवायचं काय त्यात? उकळा म्हणजे उकळा!"

मला शेगडी सोडवेना, म्हणून आमच्या इराला, म्हणजे लेकीला, दोन पातेली घेऊन पाठवलं. पाच मिनिटांत परत.

"काय म्हणालीस आंटींना?"

"आय सेड, डॅडी मेक धिस, मस्ट बॉइल फर्स्ट. शी सो हॅपी, लाह!" इरा तिच्या शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

त्या 'सो हॅपी'ला मी तिथेच सावध व्हायला हवं होतं. पण तेवढ्यात माझं उरलेलं तिसरं पातेलं उकळलं! आकार लहान झाल्यावर शेगडीला एकदम जोर आला. मी आनंदाने टाळी वाजवली, आणि टाळी वाजेपर्यंत चिकट फेस पातेल्याबाहेर, शेगडीवर, ओट्यावरून माझ्या पायांवर! तो पुसेपर्यंत अर्धा तास गेला. मग मी कडू फुलांचं पाकीट खिशात घालून लिम आंटींचं दार वाजवलं.

आत पत्त्यांसारख्या ठोकळ्यांचा डाव रंगला होता. आंटींच्या तिन्ही मैत्रिणींच्या हातात वाट्या होत्या. आणि वाट्यांत माझी बिअर! तीत लाल खजूर, लिचीसारखी लाँगन फळं आणि साबुदाणा तरंगत होता.

"वा, युअर बार्ली सूप सो नाइस!" आंटी म्हणाल्या. "नेक्स्ट टाइम लेस स्वीट, ओके?"

आणि मला घासूनपुसून लख्ख केलेलं पातेलं परत दिलं. आत करंजीसारखे गरमागरम करी पफ. रिकामं भांडं परत करायचं नाही, हे त्यांनाही घरून शिकवलेलं!

मी जिन्याने खाली धावलो.

"या भावजी!" गोरे वहिनी म्हणाल्या. "सातूचं पाणी होय ना ते? जरा पातळच होतं हो. मी तुपात रवा भाजला आणि त्यात ओतलं. शिरा घ्या!"

बिअरचा शिरा! मी खाल्ला. रडवेल्या तोंडाने खाल्ला, पण परत मागून घेतला. वहिनींनी थोडं पाणी फ्रीझरमध्येही ठेवलं होतं. म्हणाल्या, "तुमच्या बाबांना ताजा करून देईन."

वर आलो. हातात उरला एक भाग. फुलांचं पाकीट मात्र सगळ्या बिअरच्या हिशोबाने आणलेलं. आता ठेवून काय करायचंय, असं म्हणून रागाच्या भरात मी ते सबंध त्या एका पातेल्यात रिकामं केलं आणि गार झाल्यावर यीस्ट घालून बादलीत मुरत ठेवलं.

बिअर मुरली आणि बाबा आले. संध्याकाळी गोरे वहिनी शिऱ्याचा डबा घेऊन हजर.

"हे भावजींनी केलंय बरं का! मी नुसता रवा घातला."

बाबांनी एक घास घेतला, डोळे मिटले. "वा!" दुसरा घास घेतला. "निखिल, अरे, आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट पुरी केलीस!"

शिरा माझा नाही, हे सांगायचं सोडून मी त्यांना आणखी वाढला. मग वहिनी गेल्यावर मी उंच ग्लासात ती थंडगार बिअर ओतून बाबांपुढे ठेवली. ठरवलं होतं, आधी चव, मग नाव जाहीर करायचं.

बाबांनी घोट घेतला. त्यांचा चेहरा आधी डावीकडे गेला, मग उजवीकडे, मग होता तिथे परत आलाच नाही. ग्लास त्यांनी हळूच माझ्याकडे सरकवला.

"अरे, हा कडुनिंबाचा काढा कोणी केला?"

मुग्धाने माझ्याकडे पाहिलं. इराने माझ्याकडे पाहिलं.

"शेजारच्या लिम आंटींनी," मी म्हणालो.