खुर्चीत बसलेला माणूस

कोलेट बुरासा तेवीस वर्षं हृदयशस्त्रक्रियेच्या वॉर्डात नर्स होती. पेशंटला उचलताना तिची पाठ गेली आणि तिला हॉस्पिटलातल्या आमच्या देखरेखीच्या खोलीत, फोनवर आणून बसवलं. कॅनडातल्या थंडर बेच्या आसपास शे-दीडशे मैलांत विखुरलेले, ऑपरेशन होऊन घरी गेलेले लोक रोज सकाळी वजन, रक्तदाब, नाडी मोजून टॅबवर भरायचे. आम्ही आकडे बघायचो आणि दिवसाआड त्यांच्याशी पडद्यावर बोलायचो. सुरुवातीला कोलेट वैतागायची. हात लावता येत नाही, ही कसली नर्सगिरी, म्हणायची. मग तिनं स्वतःची एक रीत काढली. पेशंट बोलायला लागला की ती डोळे मिटायची आणि तो एका दमात किती शब्द बोलतो ते बोटांवर मोजायची.

रेइनो लाहतिनेन त्या फेब्रुवारीत तिच्या यादीत आला. वय चौऱ्याहत्तर, लाकडाच्या गिरणीतून निवृत्त, हृदयाची झडप बदललेली. जंगलातल्या रस्त्यावर एकटं घर, सोबत बायको साइमी. तो थट्टेखोर होता. तुमचा वजनकाटा मला बटाट्याचं पोतं समजतो, असं त्यानं पहिल्याच दिवशी ऐकवलं.

त्याचे आकडे सुरेख होते. नऊ दिवस वजन एक्क्याऐंशी किलो चारशे. मी कोलेटला म्हटलं, सगळे असे असतील तर आपल्याला घरी बसवतील. ती हसली नाही.

"जिवंत माणसाचं वजन असं राहत नाही," ती म्हणाली.

शिवाय तिची बोटं वेगळंच सांगत होती. पहिल्या दिवशी अकरा शब्द, मग सात, आता चार. कधीही फोन लावला तरी तो त्याच खुर्चीत, पाठीमागे उशा, अंगावर कोट. पाय कधी दिसायचेच नाहीत.

दहाव्या दिवशी सकाळी कोलेटनं त्याला तिच्यासमोर काट्यावर उभं राहायला सांगितलं. काट्याचा सेल संपलाय, तो म्हणाला. मग पाय दाखवा, ती म्हणाली. तो दुसरंच काही बोलू लागला. तेवढ्यात त्याच्यामागून साइमी आली. नीट विंचरलेले पांढरे केस, हातात वेलचीच्या पावाची ताटली. तिनं पडद्यात वाकून बघितलं.

कोलेटनं तिला विचारलं, रेइनोला झोप कशी लागते?

"रेइनो गिरणीत गेलाय," साइमी म्हणाली. मग आवाज खाली आणून, "हा माणूस कोण आहे हो? आमच्या खुर्चीत बसतो. झोपतच नाही. किटली उकळावी तशी छाती वाजते त्याची. पाय बघा, बूटसुद्धा चढत नाहीत."

हॉस्पिटलच्या कागदावर रेइनोनं लिहिलं होतं, घरी पत्नी आहे, ती काळजी घेईल. कोण कोणाची काळजी घेणार हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं.

"रेइनो, मी ॲम्ब्युलन्स पाठवते आहे," कोलेट म्हणाली.

"नको, पोरी." तो थांबला, दम घेतला. "ते मला नेतील. आणि हिला... दुसरीकडे नेतील. ती परत यायची नाही."

"तसं मी होऊ देणार नाही, असं मला म्हणता येत नाही."

"मग पाठवू नकोस."

त्यानं टॅब बंद केला. कोलेटचा हात तोवर दुसऱ्या फोनवर गेला होता.

बर्फानं रस्ता भरला होता. ॲम्ब्युलन्सला तास-सव्वा तास लागला. तेवढा वेळ कोलेट काळ्या पडद्यासमोर बसून राहिली. कोणी कॉफी आणून ठेवली, ती तशीच गार झाली. नंतर ॲम्ब्युलन्सवाल्यांनी सांगितलं, रेइनोनं आतून कडी लावून घेतली होती. दार साइमीनं उघडलं. पाहुणे आलेत म्हणून ती खूश झाली आणि त्यांना बसायला सांगू लागली.

रेइनोच्या हृदयाभोवती पाणी साचलं होतं. ते काढलं आणि तो वाचला. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळ पाहिली नसती. साइमीला त्याच दुपारी वृद्धांच्या एका घरात ठेवलं, थोड्या दिवसांसाठी. दुसऱ्या आठवड्यात ती तिथं पडली, खुबा मोडला. मार्चच्या शेवटी ती गेली.

अंत्यविधीला कोलेट चर्चमध्ये गेली. पाठ दुखत असूनही स्वतः गाडी चालवून गेली आणि मागच्या बाकावर बसली. रेइनो तिच्याकडे चालत आला. आता त्याला धाप लागत नव्हती. त्यानं आधी विचारलं, कॉफी घेतलीत का? मग म्हणाला, "तुम्ही तुमचं काम केलंत. मला ते माफ करायला वेळ लागेल."

हे तिनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेही यादी वाचता वाचता. पुन्हा तशी वेळ आली तर काय करशील, मी विचारलं. ॲम्ब्युलन्सच पाठवीन, ती म्हणाली, आणि नव्या पेशंटला फोन लावला.

रेइनोची देखरेखीची मुदत एप्रिलमध्ये संपली. त्यानंतर टॅब परत करायचा असतो. त्यानं केला नाही. रोज सकाळी वजन येत राहिलं, कधी दोनशे ग्रॅम जास्त, कधी शंभर कमी. कोलेटनंही टॅब मागितला नाही.