चिडाच्या बोंडाचा करंडा

देवळाली प्रवऱ्यात लाकूड कातणारा कातारी एकच, बन्सी, आणि तो एक नंबरचा हेकट. लाटणं घ्यायला आलेल्या बाईला तो आधी हात पुढे करायला लावायचा, पंजा बघायचा आणि म्हणायचा, "हे तुमच्या हाताचं न्हाई. ते न्या." बाईनं हट्ट धरला तर लाटणं उचलून आत ठेवून द्यायचा. गिऱ्हाइकाशी गोड बोलावं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तरी बायका त्याच्याकडेच यायच्या. त्यानं केलेल्या पाळण्यात तिसरं पोर निजलं तरी खांबावरच्या लाखेचा टवका उडायचा नाही, मग तोंड कडू असलं तर असू दे.

त्याचा चरक जुन्या तऱ्हेचा. दोन लोखंडी टोकांत लाकूड धरायचं, त्याला वादीचा वेढा द्यायचा, समोर बसलेल्यानं वादी मागं-पुढं ओढायची आणि कातार्‍यानं फिरत्या लाकडाला पटाशी टेकवायची. एकट्या माणसाचं हे काम नव्हे. वादी ओढायला बायको, मुक्ताबाई. नगरला मोटारीवरचे चरक आले तेव्हा बन्सी म्हणाला, "मोटारीला काय कळतंय लाकूड कुठं दुखतंय ते." मुक्ताबाईला कळायचं. गाठ आली की तिचा हात आपोआप सैल पडायचा. दोघं दिवसभर समोरासमोर बसायची आणि दिवसभरात चार शब्द बोलायची. त्यांना तेवढे पुरत होते.

त्यांचा एकुलता एक मुलगा गोरक्षनाथ. त्याला वादी ओढण्याचा भारी कंटाळा, म्हणून फौजेत गेला आणि तिथं ट्रक चालवायला लागला. पार उत्तरेच्या डोंगरात. सत्तर सालच्या उन्हाळ्यात रजेवर आला तो खांद्यावर एक पोतं घेऊन. पोत्यात लाकडाची बोंडं. कपाशीच्या बोंडाला खवले फुटावेत तशी, मुठीएवढी, तपकिरी.

"चिडाची हायती, देवदारासारखं उंच झाड असतंय," तो म्हणाला. "तिकडं पायाखाली पडल्यात. म्हटलं, बाबांना दाखवू. हे फळ हाय का लाकूड, तेच ठरवा."

पोतं अंगणात ठेवलं. ऊन वर आलं आणि पोत्यातून आवाज यायला लागला. टक्. थोड्या वेळानं आणखी एक. मुक्ताबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. आत काहीतरी हळूहळू बोटं मोडत होतं. गोरक्षनाथ हसून हसून लोळला. "आई, जित्राब न्हाई त्यात! ऊन लागलं की बोंड उघडतं, वल लागली की मिटतं. झाडावरनं पडून वरीस झालं तरी ते हे काम सोडत न्हाई."

"मेलेलं असून?" मुक्ताबाईनं विचारलं.

"मेलेलं असून."

मुक्ताबाईला ते काही आवडलं नाही. बन्सीला मात्र चेव आला. बोंड चरकावर धरलं की खवले उडायचे. एक तर गालात घुसला. मग त्यानं राळ आणि लाख एकत्र वितळवली, भुसा घातला आणि बोंडाच्या फटींत ओतली. थंड झाल्यावर पटाशी लावली तशी आत जे निघालं ते बघून तो पठ्ठ्या पहिल्यांदाच कामाच्या मध्ये थांबला. गोल गोल पाकळ्या, एकीत एक अडकलेल्या, मधोमध काळा ठिपका. सहज बघितलं तर फूल. जरा जास्त वेळ बघितलं तर डोळा.

बोंडांच्या दिवट्या झाल्या, फुलदाण्या झाल्या, कपाटाच्या मुठी झाल्या. नगरच्या कॅम्पातल्या साहेबांच्या बायका त्या शोभेला घ्यायला लागल्या. पण सगळ्यात देखणं बोंड त्यानं सुनेसाठी ठेवलं होतं. सून हौसा, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. तिच्यासाठी त्यानं कुंकवाचा करंडा केला. झाकण असं बसवलं की मधली रेघ नखाला लागायची नाही.

रजा संपली. निघताना गोरक्षनाथनं करंडा हातात घेतला, झाकण काढलं, लावलं आणि बायकोला चिडवत म्हणाला, "हे उघडतंय तवर मी हाय म्हन. मिटलं की समज."

"अभद्र बोलू नगा," हौसा म्हणाली. मुक्ताबाईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. तो हसत हसत एस्टीत बसला. थट्टा थट्टेच्या जागी राहिली असती तर ही गोष्टच झाली नसती.

एकाहत्तरच्या श्रावणात पावसाची झड लागली आणि करंड्याचं झाकण घट्ट बसलं. हलेना. मुक्ताबाईच्या तोंडचं पाणी पळालं. बन्सी खेकसला, "अगं, हवेत वल हाय! लाकूड फुगलं." त्यानं करंडा चुलीच्या वैलावर दोन दिवस ठेवला, झाकण निघालं. विषय संपला असं त्याला वाटलं. पण दसऱ्याला गोरक्षनाथ आला तो निम्मा होऊन. श्रावणात त्याच्या छातीत पाणी झालं होतं, दवाखान्यात तो बेशुद्ध पडून होता. मुक्ताबाईनं नवऱ्याकडे बघितलं. बन्सी म्हणाला, "कावळा बसायला आणि फांदी मोडायला." पण त्यानं पटाशीची धार लावता लावता बोट कापून घेतलं.

त्यानंतरच्या पौषात फौजेचा माणूस दारात आला. घाटात बर्फाचा कडा कोसळला होता आणि गोरक्षनाथची गाडी दरीत गेली होती. बरोबरचे दोघं सापडले. गोरक्षनाथ सापडला नव्हता. बर्फ उतरला की शोधू, असं तो माणूस म्हणाला. जगण्याची आशा धरू नका, हेही म्हणाला, पण मुक्ताबाई तोवर आत गेली होती. ती करंडा घेऊन बाहेर आली. सगळ्यांच्या देखत तिनं झाकण काढलं. ते सहज निघालं. तिनं कुंकू घेतलं, हौसाच्या कपाळाला लावलं आणि म्हणाली, "हाय माझा ल्योक."

तेव्हापासून तो रोजचा नेम झाला. सकाळी उठायचं, कोनाड्यातला करंडा काढायचा, झाकण उघडायचं, सुनेच्या कपाळाला कुंकू लावायचं. मुक्ताबाईचं अंग खंगत गेलं. वादी ओढणं तिला झेपेना, ते काम हौसानं उचललं. पण करंडा ती कुणाला उघडू द्यायची नाही. उन्हाळ्यात फौजेचं पत्र आलं, दरीतला बर्फ यंदा पुरता उतरला नाही, पुढच्या साली बघू.

बन्सीचा चुलतभाऊ श्रीमंत. भावकीतला शहाणा, म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. तो येऊन ओट्यावर बसायचा. "बन्सीआण्णा, पोराचं दिवसकार्य करून टाका. आत्मा लोंबकळत ऱ्हातो. आणि सुनंच्या कपाळाचं काय? लोक बोलत्यात."

"लोकांना म्हनावं, आपापली कपाळं बघा," बन्सी म्हणायचा.

पण त्याला ठाऊक होतं की ते कपाळ आता एका झाकणावर तगून आहे. झाकण अडकलं त्या दिवशी मुक्ताबाई स्वतःच्या हातानं सुनेचं कुंकू पुसणार. पोरगी विशीतली. आणि झाकण अडकणार कशानं, हे तर बन्सीला तळहातावरच्या घट्ट्यांइतकं माहीत होतं. ओलीनं. पाऊस पडला की.

पाऊस पडला नाही. बहात्तर कोरडं गेलं. कालव्याच्या तळाला भेगा पडल्या, ऊस उभा वाळला, शेतकऱ्यांच्या बायका पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेल्या. सगळा तालुका आभाळाकडे हात जोडून होता आणि एकटा बन्सी ढग दिसला की आत जाऊन बसायचा. आपण काय मागतोय हे त्याला कळत होतं. दुष्काळ मागतोय. गुरं मरतात तिथं आपण म्हणतोय, अजून थोडं. त्याला स्वतःची शिसारी यायची, आणि सकाळी झाकण निघालं की जिवात जीव यायचा.

उरलेली बोंडं पोत्यात होती. त्या उन्हाळ्यात ती सारखी वाजायची. दुपारी सारं गाव चिडीचूप, कुत्रं भुंकेना, आणि बन्सीच्या छपरात टक्, टक्. रस्त्यानं जाणारे पाऊल उचलून जायचे. कुणीतरी बोललंच की पाऊस त्या घरानं बांधून ठेवलाय. बन्सीनं ते ऐकलं आणि भांडला नाही. हेकट माणूस भांडला नाही म्हणजे त्याला ते पटलेलं असतं.

एक गोष्ट तो घरात कुणाला सांगत नव्हता. मुक्ताबाई उठायच्या आधी तो रोज कोनाड्याकडे जायचा आणि झाकण जरासं सैल करून ठेवायचा. तिच्या हाताला ते कधी अडकलेलं लागू नये म्हणून.

त्र्याहत्तरच्या वैशाखात, एका पहाटे उजाडता उजाडता, त्यानं झाकणाला हात घातला आणि ते हललं नाही.

त्याला वाटलं, बोटं झोपेत आहेत. त्यानं दोन्ही हातांनी पिरगाळलं. नाही. बाहेर तर वारा असा कोरडा की ओठ तडकत होते. अशा हवेत लाकूड आकसतं, झाकण नुसतं हलवलं तरी पडायला हवं. त्यानं करंडा चुलीतल्या निखाऱ्यांवर धरला, श्रावणात तर नुसत्या वैलाच्या उबेनं झाकण निघालं होतं. लाखेचा वास सुटला. झाकण जागचं हललं नाही. मग त्याच्या ध्यानात आलं की छपरात आवाज नाही. त्यानं पोत्याचं तोंड सोडलं. कालपर्यंत सताड उघडी असलेली बोंडं, एकूण एक, मिटलेली होती.

बन्सीनं आयुष्यभर लाकडाला प्रश्न विचारले होते आणि लाकडानं त्याला सरळ उत्तर दिलं होतं. हे उत्तर त्याला कळत नव्हतं. तो चरकापाशी खाली बसला. पण भीतीपेक्षा घाई मोठी होती. आत मुक्ताबाईची खोकल्याची उबळ ऐकू आली. आता घटकाभरात ती उठणार. ठोकून उघडलं तर करंडा फुटेल. चरकावर धरून झाकणाच्या रेघेवर केसाएवढी पटाशी फिरवली तर सैल होईल. त्याला दुसरं काही सुचलं नाही. पोरीचं कुंकू राहायला हवं, बस.

आणि वादी ओढायला माणूस हवं.

हौसा दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे. तिनं करंड्याकडे बघितलं, सासऱ्याच्या तोंडाकडे बघितलं, पदर खोचला आणि समोर येऊन बसली.

"पोरी, तू नगो," बन्सी म्हणाला.

"दुसरं कोन हाय, मामंजी?" ती म्हणाली, आणि वादीची टोकं हातात घेतली.

तिनं वादी ओढली. तिचाच करंडा तिच्याच हातानं फिरायला लागला. बन्सीनं पटाशी पुढे नेली, पण ती टेकायच्या आधीच वादी एकदम जड झाली. हौसाचे दंड थरथरले. पाण्यात बुडालेलं काहीतरी ओढून काढावं तसा जोर तिला लागत होता. तिनं दात आवळले आणि पुन्हा ओढलं. करंड्यातून एक उसासा निघाला आणि झाकण सुटून बन्सीच्या ओंजळीत पडलं.

त्याच्या मागोमाग पाणी आलं. लाल, कुंकवाचं. बन्सीच्या दोन्ही हातांवरून ते मनगटापर्यंत ओघळलं, आणि तो ओरडणारच होता, कारण ते इतकं गार होतं की कातडीला चटका बसला. त्या वैशाखात, जिथं रांजणाचा तळ खरवडून पाणी काढावं लागत होतं.

"लाख वितळली गं," तो कसाबसा म्हणाला. "निखाऱ्यावर धरला हुता ना."

हौसानं एक बोट त्या पाण्याला लावलं. बराच वेळ तिनं ते तसंच धरलं.

"लाख गार नसती, मामंजी," ती म्हणाली. "बर्फाचं पानी हाय ह्ये. बर्फ उतरला तिकडं. सापडले असत्याल आता."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंडातून हुंदका आला नाही. बन्सीला वाटलं, आता ही कपाळाला हात लावील, पुसून टाकील, आणि आपण काही करू शकणार नाही. त्याला मुलगा गेल्याचं दुःख त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. दीड वर्ष तो झाकणच सांभाळत बसला होता.

हौसानं कपाळाला हात लावला नाही. तिनं पदराच्या टोकानं करंडा आतून कोरडा केला. देवापुढच्या वाटीतलं कुंकू चिमटीनं आणून भरलं. झाकण नुसतं अलगद वर ठेवलं आणि करंडा कोनाड्यात नेऊन ठेवला. मग जमिनीवरच्या लाल पाण्यावर माती लोटली.

"आत्याबाईंला कळलं तर दुसरं मानूस जाईल ह्या घरातलं," ती म्हणाली. "फौजवाला येऊन सांगंपतूर ऱ्हाऊ द्या."

मुक्ताबाई भिंतीला धरून बाहेर आली. तिनं कोनाड्यातून करंडा काढला आणि झाकणाला नुसतं बोट लावलं, तर ते निघून आलं. म्हातारीच्या सुरकुतल्या तोंडावर हसू पसरलं.

"आज लई हलका लागला गं हाताला. खुशीत असंल पोरगं."

"व्हय, आत्याबाई," हौसा म्हणाली आणि कुंकवासाठी कपाळ पुढे केलं.

बन्सी उठून बाहेर गेला आणि ओट्यावर, वैशाखाच्या त्या उन्हात, गारठलेले हात शेकत बसला.