फाटकाची लांब शिट्टी

बाईनं शिट्टी वाजवली की घरातली लक्ष्मी निघून जाते, असं माझ्या सासरी मानत. लक्ष्मी तिथं फारशी नव्हतीच, पण जी काय होती ती माझ्यामुळं जायला नको म्हणून लग्नानंतर दीड वर्ष मी ओठांचा चंबूसुद्धा केला नाही. माहेरी, माकणीला, मात्र जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर बसून, दोन बोटं जिभेखाली घालून मी पाखरांचे थवेच्या थवे उठवले होते.

सासर तेरला, छोट्या गाडीच्या रुळाला लागून. सासरे त्याच गाडीवर डायव्हर होते. नोकरी संपून घरी बसल्यावर मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, अंगणातच रूळ टाकले. रूळ म्हणजे कापसाच्या गाठी आवळायच्या लोखंडी पट्ट्या. डबे रॉकेलच्या पत्र्याचे, चाकं दोऱ्याच्या रिळांची. इंजिनाला दोरी आणि दोरीचं दुसरं टोक एका जुन्या रहाटाला. मामा रहाट फिरवत आणि गाडी ओट्यापासून न्हाणीपर्यंत जाई. येताना तिला उचलून आणावं लागे, आणि त्याचा मामांना फार अपमान वाटे.

गार्ड म्हणून शेवटच्या डब्यात एक वांगं बसवलेलं असे. दर दोन दिवसांनी ड्यूटी बदले आणि सुटलेला गार्ड भाजीत जाई. मधोमध फाटक होतं, बांबूची आडवी काठी आणि तिला लाल चिंधी. स्वयंपाकघरातून आडाकडं जायची वाट तिथूनच. फाटक पडलं की सासूबाई कमरेवर घागर घेऊन मुकाट उभ्या राहत. माझे यजमान लातूरला दुकानात कामाला होते, त्यामुळं या सगळ्यातून ते सुटले.

शिट्टीच्या बाबतीत मामांना थट्टा चालत नसे. "गाडी ल्हान हाय म्हणून कायदा ल्हान न्हाय," असं म्हणायचे. निघायच्या आधी दोन आखूड, म्हणजे गार्डा, मी तयार आहे. तीन आखूड म्हणजे ब्रेक लाव. चार म्हणजे पुढं जाता येत नाही. आणि फाटकाला लांब, मध्ये न तोडता, फाटकाच्या अलीकडं रोवलेल्या शिट्टीच्या पाटीपासून इंजिन फाटकात शिरेपर्यंत. उगीच हौसेनं वाजवलेली शिट्टी त्यांना शिवीसारखी लागे. शिट्टी ते तोंडानंच वाजवत आणि प्रत्येक शिट्टी वेळेसकट वहीत टिपून ठेवत.

मग एका उन्हाळ्यात त्यांचे पुढचे चार दात पडले. शिट्टीच्या जागी नुसतं फुस्स व्हायला लागलं. गाडी आठ दिवस जागची हलली नाही. "मुकी गाडी म्या हाकणार न्हाय," म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. जेवणावरची वासनाच गेली त्यांची. मला ते बघवेना. सासूबाई तुळजापूरला नवस फेडायला गेल्या होत्या तेव्हा मी कोठीच्या खोलीत शिरले, अंगणाकडच्या झरोक्याला तोंड लावलं आणि दोन आखूड शिट्ट्या घातल्या. मामा उठून बसले. झरोक्याकडं बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि रहाटापाशी गेले.

तेव्हापासून रोज ते एका हातानं रहाट फिरवत, दुसऱ्या हाताची मूठ तोंडाशी धरत, आणि आत ज्वारीच्या पोत्यांत उभी राहून मी वाजवत असे. आम्ही याबद्दल एक शब्द कधी बोललो नाही. सासूबाईंना कळलं तर मला कायमची माकणीची वाट धरावी लागेल, हे मात्र मला पक्कं ठाऊक होतं.

दरम्यान देश इंग्रजांच्या हातून सुटला, पण आम्ही निजामाच्या राज्यात होतो तिथंच राहिलो. सरहद्दीपलीकडून कोण येतंय, कुणाला खुणा करतंय, याचा पोलिसांना एकच ध्यास लागला होता. गाडी नसताना शिट्ट्या वाजणारं घर त्यांच्या नजरेतून कसं सुटावं? एका सकाळी पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब दोन जवान घेऊन अंगणात आले. मागोमाग निम्मं गाव आलं आणि गडग्यावर चढून बसलं. मी कोठीत पळाले.

अमीनसाहेबांनी आधी वही उघडली. "नौ बजे, दो छोटी. नौ बजके पाँच, एक लंबी." मान वर केली. "बड़े मियाँ, ये इशारा किसकू देते तुम?"

"गार्डाला, साहेब."

"कहाँ है गार्ड?"

"शेवटच्या डब्यात हाय की."

एक जवान वाकला, नीट बघून ताठ उभा राहिला. "साब, बैंगन है."

गडग्यावर कुणीतरी फिसकन हसलं आणि अमीनसाहेबांचा पारा चढला. शिट्टी खरंच खेळातली असेल तर आत्ता वाजवून दाखव, नाहीतर धाराशिवच्या तुरुंगात चल, असं त्यांनी बजावलं. मामांनी मूठ तोंडाशी नेली. मी वाजवायला तोंड पुढं केलं, पण अमीनसाहेबांनी त्यांची मूठच धरून खाली ओढली. मामांनी फुंकलं. फुस्स.

"फिर रोज कौन बजाता?"

मामांनी झरोक्याकडं नजरसुद्धा वळवली नाही. "त्ये म्या सांगणार न्हाय," म्हणाले.

जवानानं दोरी काढली. फाटकापाशी सासूबाई घागर घेऊन उभ्या होत्या, गडग्यावर गाव होतं, आणि त्या म्हाताऱ्या हातांना दोरी लागताना मला दिसत होती. मला भीती वाटली, रडू आलं, आणि सगळ्यांत जास्त राग आला. मी बाहेर आले, तोंडावरचा पदर काढला, दोन बोटं जिभेखाली घातली आणि दोन आखूड वाजवल्या.

मामांचा हात सवयीनं दोरीतून सुटला आणि रहाटावर गेला. गाडी निघाली. पाटीपाशी मी लांब शिट्टी धरली, पण हुंदका आला आणि ती मध्येच तुटली. मामांनी रहाट थांबवला.

"का तोडलीस? इंजिन फाटकात शिरलं व्हतं का?"

"न्हाय, मामा."

"मंग? आत्ता माणूस मेलं आसतं!"

अमीनसाहेबांचा एक बूट रुळांवर होता. त्यांनी तो हळूच मागं घेतला. मामांनी गाडी उचलून परत ओट्यापाशी नेली आणि सगळं पहिल्यापासून करायला लावलं. या खेपेला शिट्टी शेवटपर्यंत टिकली. शेवटचा डबा जाईपर्यंत निजामाचे अमीन फाटकाबाहेर उभे होते.

मग त्यांनी पंचनामा लिहिला. लिहिता लिहिता माझ्याकडं, मग गडग्याकडं बघितलं. "घर की बहू का नाम सरकारी कागज पे नहीं चढ़ता," असं पुटपुटले, आणि शिट्ट्या म्हातारा स्वतः वाजवतो, अशी नोंद झाली. पुरावा म्हणून वांगं जप्त केलं.

गाव पांगलं. मी सासूबाईंसमोर खाली मान घालून उभी राहिले.

"गाठुडं बांधू का, आत्याबाई?"

"कशाला?" त्यांनी घागर खाली ठेवली. "दात पडल्यापासनं ह्यांची शिट्टी लई सुधारली. मला काय यडी समजता व्हय दोघं?"

मग त्या आत गेल्या, टोपलीतलं एक ताजं वांगं घेऊन आल्या आणि शेवटच्या डब्यात नीट बसवलं.