निपाणीतला शुक्रवारचा दिवा

पुण्याहून बेळगावची गाडी सुटली तेव्हा माझी दोन्ही मुलं खिडकीच्या काचेला नाक लावून बसली होती आणि मी मनातल्या मनात सासरी, निपाणीत, घालवलेले शुक्रवार आठवत होते. पुण्यात मी दर शुक्रवारी दिवा लावते, पण लग्नानंतरच्या नऊ वर्षांत तिथं एकाही शुक्रवारी लावलेला नव्हता.

आम्ही माहेरचे बेने इस्रायल, कोकणातले मराठी यहुदी. शुक्रवारी सूर्यास्ताआधी घरातली बाई दिवा लावते आणि शब्बाथ (विश्रांतीचा दिवस) सुरू होतो. सासर जैन. मला कुणी कधी अडवलं नव्हतं. मीच आपली शहाण्यासारखी गप्प बसत आले. पण माझी आई गेली, वर्ष उलटलं, आणि निघायच्या आदल्या दिवशी सहा वर्षांच्या लेआनं विचारलं, "आई, निपाणीला आपण बेने इस्रायल नसतो का?" आताही लपवलं तर पोरं लपवायलाच शिकणार होती. नवरा कामामुळे शनिवारी येणार होता. म्हणजे शुक्रवार मला एकटीलाच निभवायचा होता.

निपाणीआधी बेळगाव गाठलं ते माझ्या पणजोबांसाठी. ते इथं कॅम्पात लष्करी दवाखान्यात कंपाउंडर होते आणि इथंच त्यांना पुरलं. शुक्रवारी सकाळी आम्ही तिथल्या यहुदी दफनभूमीत पोचलो तर सगळीकडे धुकं. मोठाली झाडं अर्धवट पुसल्यासारखी दिसत होती. आपण जागे आहोत की अजून गाडीतच डुलक्या काढतोय, हे मला नीट सांगता आलं नसतं.

फाटकापाशी राहणाऱ्या एक बाई पुढं आल्या. "कुनाकडं आलाया?"

"पणजोबा आहेत इथं."

"व्हय? मग या की! लई दिसांनी आलं कोन तरी."

थडग्याच्या शेवाळलेल्या दगडावर वर हिब्रू अक्षरं होती, खाली मराठी. लेआ बोट फिरवत एकेक अक्षर लावत गेली आणि किंचाळली, "आई, यांना आपलं मराठी येत होतं!" तीन वर्षांचा एली गवतात फतकल मारून पणजोबांना आपली नवी चप्पल दाखवत होता. मला हसू आलं आणि रडूही. आमच्या रिवाजाप्रमाणे दगडावर तिघांनी एकेक खडा ठेवला.

दफनभूमीतून निघताना हात धुवायचे असतात. आमची पाण्याची एकुलती बाटली त्यातच संपली आणि एलीनं तत्काळ तहान लागल्याचं जाहीर करून भोकाड पसरलं. बाईंनी तांब्याभर पाणी आणून दिलं तेव्हा कुठं कॅम्प शांत झाला.

मग खडेबाजार. आधी कुंदा (आटवलेल्या दुधाची इथली मिठाई) खाल्ला, कारण त्याशिवाय मुलं हलेनात. पितळी भांड्यांच्या दुकानात लेआनं एक बुटकी समई निवडली.

"देवाम्होरं लावायला काय, आक्का?" दुकानदारानं विचारलं.

"हो, देवासाठीच," मी म्हटलं. तेवढं म्हणायलाही मला धीर गोळा करावा लागला.

निपाणीची बस ऊस आणि तंबाखूच्या शेतांमधून जात राहिली. दोन्ही पोरं माझ्या दोन मांड्यांवर झोपली, आणि उन्हाच्या त्या पिवळ्या गुंगीत वाटत राहिलं, हा रस्ता संपूच नये.

पोचलो तर ऊन कलतं झालेलं. माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळेच अव्वा म्हणतो, दारातच उभ्या. "आलीस? चला, हातपाय धुवा. आदी अंथऊ!" अंथऊ म्हणजे जैनांचं सूर्यास्ताआधीचं जेवण. नऊ वर्षं मी ही घाई बघत होते आणि तिच्या जोडीला माझी एक घाई मनात दाबून टाकत होते. जेवणं झाली. मी शब्द जुळवत होते, तोवर लेआनं पिशवीतून समई काढलीसुद्धा.

"अव्वा, आज शुक्रवार, आम्हाला दिवा लावायचाय. सूर्य बुडायच्या आत."

अव्वांनी समईकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "रातीचा उगडा दिवा आमी ठेवत न्हाय गं. किडं येत्यात, जीव जात्यात. निजताना इजवशील न्हवं?"

"विझवायचा नसतो, अव्वा. तेल संपलं की आपोआप शांत व्हायला हवा."

त्या वळून आत गेल्या. झालं, मी मनात म्हटलं. लेआचा चेहरा उतरला, आणि मला माझाच राग आला.

अव्वा बाहेर आल्या त्या जुन्या कंदिलाची काच घेऊन. दुसऱ्या हातात चहाची गाळणी. "लाव आदी. मग ही काच ठिवू. वर गाळणी उपडी घातली की एक किडा आत जायचा न्हाय."

मी वात पेटवली, डोळ्यांवर तळवे धरले आणि आईनं शिकवलेली प्रार्थना म्हटली. शेजारी लेआ पुटपुटत होती. डोळे उघडले तेव्हा अव्वा काच बसवत होत्या.

"नऊ वर्सं शुक्रवारी काय करत हुतीस गं?"

"काही नाही. तुम्हाला आवडणार नाही असं वाटायचं."

"इचारलंस कवा?"

ज्या भिंतीला मी इतकी वर्षं वळसा घालत होते, ती मीच बांधली होती, आणि तिच्या आडोशाला माझी मुलं वाढत होती.

रविवारी नवऱ्यासोबत पुण्याला परतताना साताऱ्याजवळ लेआ जागी झाली. पिशवी चाचपून घाबरली. "आई, समई राहिली!"

"राहिली नाही," मी म्हटलं. "आपला हा दिवा निपाणीलाच असतो."