जाताना तासभर जास्त

चाकणला कंपनीच्या डिस्पॅचमध्ये निम्मं आयुष्य काढलं की माणसाकडे दोनच गोष्टी उरतात, पाठदुखी आणि संशय. माल घेऊन गेलेली नाशिकची गाडी तासभर उशिरा पोचली की मी ड्रायव्हरला फोनवर विचारतो, "भाऊ, वाटेत राजगुरुनगरला सासुरवाडी आहे का?" पलीकडून एका दमात कारण येतं. रस्ता तोच, गाडी तीच, मग वेळ जास्त का?

आमच्या पोरीला तिच्या कंपनीनं कामासाठी फ्रँकफर्टला पाठवलं. थेट विमान आहे, म्हणाली. जाण्यायेण्याचं तिकीट तिनं मोबाइलवर धाडलं आणि मी सवयीनं हिशेबाला बसलो. त्यांचं घड्याळ मागं, आपलं पुढं, तेवढं वजा केलं. तर येण्यापेक्षा जाताना तासभर जास्त! वर आकाशात ना मोशीचा सिग्नल, ना चाकण चौक. मग तास गेला कुठं?

"विमान काय सासुरवाडीला वळतं का?" बायको म्हणाली.

"विमान नाही वळत. माणसं वळतात."

लग्नाचा विषय निघाला की पोरगी उठून गॅलरीत जायची. कुणीतरी आहे, आणि मला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे, असं मला कधीचं वाटत होतं. आता पोरगी आपल्याशी खोटं बोलते की काय, या विचारानं जेवण जाईना. माझं जेवण जात नाही म्हणजे प्रकरण गंभीरच.

मुंबईला तिला आणायला मीच गेलो. गाडी पनवेलच्या पुढं आल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं, "जाताना विमान कुठं थांबलं होतं का गं?"

"नाही. का?"

"तासभर जास्त लागला, म्हणून."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "पप्पा, मी काय तुमची नाशिकची गाडी आहे? वर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो. जाताना समोरून, येताना पाठीमागून."

एका दमात सांगून मोकळी. ड्रायव्हरही असंच एका दमात सांगतात.

घाट चढल्यावर मला वडापावाचा वास आला. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय आणि बायको डॉक्टरांपेक्षा कडक. तरी थांबलो. एकावर भागलं नाही. वर गोड चहा. पोरगी शेजारी बसून नुसती हसत होती.

घरी पोचलो तर बायको दारातच. "विमान कधीच उतरलं म्हणे. जाताना भर्रकन गेलात, मग येताना एवढा वेळ? कुठं थांबला होतात?"

मी चपला काढायला वाकलो. पोरगी डिकीतून बॅग काढत होती. मानसुद्धा वर न करता म्हणाली, "अगं आई, चढाला ट्रकची रांग होती. इंचभर हलत नव्हती."

बायकोला पटलं. मी वाचलो.

रात्री मुकाट्यानं दुधीची भाजी खाताना मी पोरीकडे बघत होतो. किती सहज बोलली! मग त्या वाऱ्याचं काय?