खोडलेलं 'बहुधा'

एका शब्दासाठी तुम्ही कधी कुणाला तोंडघशी पाडलं आहे? मी पाडलं आहे. हे आजवर कुणाशी बोलले नाही — अण्णांशीही नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. कारखान्याच्या युनियनची पत्रकं तेच लिहायचे. मी ती वाचतच मोठी झाले. त्यांचा नियम होता — पत्रकात 'बहुधा' लिहायचं नाही. 'बहुधा' वाचून कोण संपावर जाईल?

बंगळुरात, जे. पी. नगरात, मराठी मंडळातर्फे मुलांसाठी रविवारी विज्ञानाचा वर्ग चालायचा. वर्ग नलिनीअक्काचा, मी मदतीला. अक्काचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच, बोलण्यात कानडी मिसळलेली. कापडाचं दुकान सांभाळून ती शिकवायची, 'स्वल्प थांब गं' म्हणत मला आवरायची. आमच्या गल्लीत केबल नुकतीच आली होती तेव्हाची गोष्ट. चंद्रग्रहण जवळ आलं होतं, म्हणून चंद्रावर पत्रक काढायचं ठरलं.

अक्कानं लिहिलं — मंगळाएवढा एक गोळा पृथ्वीवर आदळला आणि उडालेल्या राडारोड्यातून बहुधा चंद्र झाला. खाली बाकीची मतंही दिली: कुणी म्हणतं तो पृथ्वीतूनच तुटला, कुणी म्हणतं जवळून जाताना अडकला, कुणी म्हणतं दोघं सोबतच घडले.

मला टक्कर आवडली. टकरीतून नवं जग — पत्रकाला आणखी काय हवं? छापखान्यात जाताना, बसमध्येच, मी 'बहुधा' खोडलं. बाकीची मतं खोडली. शेवटी लिहिलं, 'हे सिद्ध झाले आहे.' नाव मात्र अक्काचंच ठेवलं.

तिला विचारलं? नाही.

मंडळाच्या सभेत एका निवृत्त इंजिनिअर काकांनी ते पिवळं पत्रक वर धरलं. "सिद्ध झालंय? अक्का, टक्कर झाली तेव्हा तुम्ही दुकानाच्या पायरीवर बसून बघत होतात काय?"

सगळे हसले. अक्कानं पत्रक वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. पण तिनं माझं नाव घेतलं नाही — मी बोलायची वाट पाहिली.

आणि मी म्हणाले, "मजकूर अक्काचा आहे."

"सरी," ती म्हणाली — म्हणजे कानडीत 'बरं'. एवढंच.

मुलांना भलतंच शिकवते म्हणून मंडळानं वर्ग तिच्याकडून काढून घेतला. दिला कुणाला? मला. आणि मी घेतला — अजून घेते आहे. त्याच वर्गातल्या मुलांना सांगते, खरं बोलायला घाबरू नका.

येत्या रविवारी पालकांसमोर हे सगळं उभं राहून सांगणार आहे. मग खडू खाली ठेवीन. वय लहान होतं, हेतू चांगला होता — असलं काही पुढे करणार नाही. वय कळतं होतं. हेतू माझा होता.

ते पिवळं पत्रक तुमच्या घरी कुठे राहिलं असेल, तर पेन घ्या. 'चंद्र झाला'च्या आधी 'बहुधा' लिहा. शेवटची ओळ खोडा. ती अक्काची नाही, माझी आहे.